पूलमध्ये क्लोरीन फुल्ल दाखवतंय तरी पाणी हिरवं, स्टॅबिलायझर किती टाकू?

नेरळचा_बंगला, १४ एप्रिल

मंडळी नमस्कार. नेरळ-कर्जत रोडच्या आतल्या बाजूला आमचं छोटं फार्महाऊस आहे. जागा वडिलांनी घेऊन ठेवलेली, आम्ही दोघा भावांनी दोन वर्षांपूर्वी बंगला बांधला आणि पोरांच्या हट्टापायी पूल पण केला (स्विमिंग पूल, उल्हास नदीवरचा नाही). ३० बाय १६ फूट, एका टोकाला साडेतीन फूट खोल आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच, टाइल्सचा, सँड फिल्टर आणि १ एचपीचा पंप. आम्ही फक्त शनिवार-रविवार जातो, बाकी दिवस गावातलेच एक मामा बघतात, माणूस सोन्यासारखा आहे, सांगितलेलं काम एक दिवस चुकवत नाही, आणि आता वाटतं की तिथेच घोळ झालाय.

पूल बांधणाऱ्याने जाताना सांगितलेलं की टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) २०० ग्रॅमच्या गोळ्या तरंगत्या डब्यात टाकत जा बाकी काही बघायला नको. दिवाळीपासून थंडीत एक दिवसाआड एक आणि मार्च लागल्यापासून रोज एक अशा गोळ्या पडतायत, ५ किलोचे ४ डबे संपले आणि पाचव्यातल्या ५ गोळ्या गेल्या. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पाणी असं होतं की तळाला पडलेला एक रुपया दिसायचा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भिंती बुळबुळीत व्हायला लागल्या आणि आता पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालंय, साडेपाच फुटाच्या बाजूची जाळी दिसत नाही. मामांनी आपल्या मनाने रोज दोन गोळ्या चालू केल्या, काही फरक नाही. पिवळ्या थेंबांचं किट आहे त्यात रंग एकदम गडद पिवळा येतो म्हणजे क्लोरीन भरपूर आहे. पीएचचा रंग मात्र सगळ्यात खालच्या पट्टीला, ६.८. पोरांचे डोळे झोंबतात आणि शिडीला गंज धरलाय.

केमिकलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला उन्हाळा आहे, उन्हाने क्लोरीन उडतंय, स्टॅबिलायझर टाका. ५ किलोची पिशवी पाठवली पण त्याने, ओसरीवर तशीच पडून आहे. प्रश्न एवढाच की किती टाकू? सगळी पिशवी की अर्धी?


डोंबिवलीचा_बाळ्या

पिशवी बिशवी काही नको, अर्धा किलो मोरचूद आणा, बादलीत विरघळवून संध्याकाळी चौफेर फिरवा, दोन दिवसात शेवाळ खल्लास. आमच्या सोसायटीत हेच करतात.


अलिबागची_वाडी

थांबा थांबा, ती पिशवी उघडू नका!! मी सेम याच फेऱ्यातून गेलेय दोन उन्हाळे आधी, म्हणून तळमळून सांगते. तुमच्या पूलमध्ये स्टॅबिलायझर कमी नाहीये, जास्त झालाय, आणि तो तुमच्या मामांनीच टाकलाय, रोज एक गोळी करून. टीसीसीए म्हणजे क्लोरीन आणि स्टॅबिलायझर एकत्र बांधलेली गोळी, हे विकणारा कुणी सांगत नाही. क्लोरीन बिचारं पाहुण्यासारखं, येतं, काम करतं, दोन दिवसात जातं, पण बरोबर आलेला तो स्टॅबिलायझर मुक्कामालाच राहतो. बाष्पीभवनाने जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हाने मरत नाही. पाणी बदललं तरच जातो. आम्ही वर्षभर गोळ्या टाकत राहिलो आणि शेवटी असं झालं की डबाभर गोळ्या ओतल्या तरी शेवाळ हसतंय.

आणि बाळ्याभाऊ, मोरचूद म्हणजे तांबं. शेवाळ मरतं हे खरं पण तांबं पाण्यात साठत जातं, टाइल्सच्या जॉइंटला निळे-काळे डाग पडतात आणि आमच्या सासूबाईंच्या पांढऱ्या केसांना हिरवी झाक आली होती. त्यावरून घरात झालेलं महाभारत इथे लिहीत नाही.


खोपोलीचा_पूलवाला

ताई बरोबर बोलल्या. मी खोपोली-लोणावळा पट्ट्यात पूलची कामं करतो, मार्च-एप्रिलमध्ये १० फोन आले तर ७ हेच असतात, "गोळ्या टाकतोय तरी हिरवं." आमच्या लाइनमधली चूक आहे ही, कबूल करतो. गोळी टाकायला सोपी, माणूस ठेवायला लागत नाही, हॅंडओव्हर करताना कुणी स्टॅबिलायझरचं नावच काढत नाही आणि मग उन्हाळ्यात तोच स्टॅबिलायझर पिशवीतून विकतात.

पिवळे थेंब म्हणजे ओटीओ. ते एकूण क्लोरीन दाखवतात, त्यातलं मोकळं किती आणि घाम-लघवी-सनस्क्रीनला चिकटून वाया गेलेलं किती हे ते सांगत नाही. गडद पिवळा बघून खुश होऊ नका. डोळे झोंबतात, वास मारतो म्हणजे वाया गेलेलं जास्त आहे असंच समजा. त्यात गोळी ॲसिडिक असते, पीएच खाली ओढते, डोळ्याचं अर्धं कारण ते पण आहे. टाइल्समधलं ग्राउट बोटाने घासून बघा, रेतीसारखं सुटतंय का.

तोवर पूल बंद करा. तळाची जाळी दिसत नसेल तर कुणालाही उतरवायचं नाही, पोरगं खाली गेलं तर दिसणार नाही. बाकी सगळं नंतर.


वाळवंटातला_पुणेकर

मी फिनिक्सला असतो, ॲरिझोना. इथे उन्हाळ्यात ४५ डिग्री म्हणजे काहीच नाही आणि घराच्या मागे पूल असणं ही श्रीमंती नसून डोक्याला ताप आहे, त्यामुळे या विषयावर बोलायला मिळालं की मी थांबत नाही, आधीच माफी मागतो.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड, इथे सगळे सीवायए म्हणतात. तो वाईट नाही हो, उघड्यावरच्या पूलला लागतोच. अजिबात नसेल तर दुपारच्या उन्हात अर्ध्या-पाऊण तासात निम्मं क्लोरीन उडतं, दोन तासात जवळपास साफ. ३० ते ५० पीपीएम (म्हणजे एका लिटरला तेवढे मिलिग्रॅम) सीवायए असला की क्लोरीन दिवसभर टिकतं. तो क्लोरीनला पकडून ठेवतो, लागेल तसं थोडं थोडं सोडतो. पण सीवायए जितका वाढेल तितकं एका वेळी प्रत्यक्ष काम करणारं क्लोरीन कमी. समजा पोलीस स्टेशनात २५ हवालदार हजेरीपटावर आहेत पण २४ जण मंत्र्याच्या बंदोबस्ताला. तुमचं किट हजेरीपट मोजतं, चोर पकडायला एकच आहे. म्हणून "क्लोरीन १ ते ३ ठेवा" हा किटच्या डब्यावरचा सल्ला सीवायए माहीत नसेल तर फुकट आहे. इथली पूलवाली मंडळी जो हिशोब वापरतात तो असा, मोकळं क्लोरीन कमीत कमी सीवायएच्या साडेसात टक्के. सीवायए ४० तर ३ पीपीएम, आणि शेवाळ झालंच तर मारायला ४० टक्के, म्हणजे १६.

आता तुमचा हिशोब. ३० गुणिले १६ गुणिले सरासरी साडेचार फूट म्हणजे २१६० घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, ६१ हजार लिटर झाले, ६० धरा. एका गोळीत वजनाच्या साधारण ५५ टक्के सीवायए (डब्यावर ९० टक्के क्लोरीन लिहिलेलं असतं, मग ९० आणि ५५ मिळून १४५ कसे असं विचारू नका, ते क्लोरीन मोजायची पद्धत वेगळी आहे). म्हणजे ११० ग्रॅम, तुमच्या पाण्यात १.८ पीपीएम. एका गोळीला काही वाटत नाही ना? पण तुम्ही ४ डबे म्हणजे १०० गोळ्या आणि वर ५ टाकल्यात. १०५ गुणिले १.८, कागदावर १९० च्या आसपास. त्यातलं थोडं बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलटं पाणी सोडून धुतो त्यात) आणि पोरांच्या उड्यांत बाहेर गेलं असेल, तरी दीडशेच्या खाली असेल असं मला वाटत नाही. आता त्या ओसरीवरच्या पिशवीचं बघा, ५ किलो भागिले ६० हजार लिटर म्हणजे आणखी ८३ पीपीएम!! केमिकलवाल्याला माझा नमस्कार सांगा.

पण अंदाजावर जाऊ नका, मोजा. सीवायएचं किट ऑनलाइन मिळतं, एक नळी असते तळाला काळा ठिपका, पूलचं पाणी आणि रीएजंट मिसळलं की दुधाळ होतं, मग ते नळीत थोडं थोडं ओतत वरून बघायचं, ठिपका दिसेनासा झाला की बाजूचा आकडा वाचायचा. सावलीत नाही, भरपूर उजेडात, पण सूर्याकडे पाठ करून. तुमचा आकडा १०० च्या वर जाणार म्हणून आधीच अर्धं पूलचं आणि अर्धं साधं पिण्याचं पाणी घ्या आणि येईल त्याला २ ने गुणा. पट्ट्यांवर, म्हणजे स्ट्रिपवर विश्वास ठेवू नका, सीवायएच्या बाबतीत त्या कुडमुड्या जोतिषासारख्या आहेत. आणि क्लोरीनसाठी डीपीडीचं थेंब मोजायचं किट घ्या, ते मोकळं आणि अडकलेलं वेगळं दाखवतं.


नेरळचा_बंगला, १५ एप्रिल

बापरे. सगळ्यांचे आभार, पिशवी आत ठेवली. दोन्ही किट मागवलेत. एक विचारायचं राहिलं, मामा काल म्हणाले गोळ्यांनी होत नाही तर ग्रामपंचायतीतून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणलीय, विहिरीत टाकतात ती. ती टाकू का? आणि ती त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलीय.


खोपोलीचा_पूलवाला

अहो आत्ता मामांना फोन लावा!!! डब्यात गोळीचा चुरा राहिलेला असेल तर टीसीएल आणि टीसीसीए एकत्र येतायत, दोन्ही क्लोरीनच आहेत पण एकमेकांच्या जिवावर उठलेले. त्यात पाण्याचा थेंब पडला तर गॅस होतो, पेट घेऊ शकतं, डबा फुटू शकतो. झाकण लावलेलं असेल तर कुणी उघडायला जाऊ नका, तोंड जवळ नेऊ नका, खोलीत असेल तर खिडक्या उघडून बाहेर व्हा.

मी एकदा बघितलंय, एका बंगल्यावर माळ्याने एकाच मग्गाने आधी गोळीचा भुगा काढला आणि मग तोच मग्गा हायपोच्या (कॅल्शियम हायपोक्लोराइट, हे पण क्लोरीनच) पावडरमध्ये घातला. सुरसुरी पेटवल्यासारखा आवाज आला आणि पिवळट धूर. माणूस वाचला, नशीब. त्या दिवसापासून माझ्या गाडीत दोन मग्गे आहेत, लाल आणि निळा.


नेरळचा_बंगला

फोन केला. डबा धुवून उन्हात पूर्ण वाळवून मग भरला होता म्हणे, आणि बाहेर शेडमध्ये आहे, काही झालेलं नाही. तरी हात लावू नका म्हणून सांगितलंय, उद्या सकाळी स्वतः जातोय. पाय गार पडले माझे.


अलिबागची_वाडी

हुश्श. टीसीएल तशीही पूलला नको, त्यात क्लोरीन तिसरा हिस्सा आणि बाकी चुना, सगळा पांढरा गाळ तळाला बसतो आणि फिल्टरची वाळू दगड होते. विहिरीला ठीक आहे.


नेरळचा_बंगला, २० एप्रिल

रिपोर्ट घेऊन आलोय. अर्धं-अर्धं करून ठिपका ८० ला गायब झाला, म्हणजे १६०. फिनिक्सवाले दादा, तुमच्या अंदाजाला सलाम. डीपीडीने मोकळं क्लोरीन ५, अडकलेलं २. पीएच ६.८ च. ग्राउट खरंच रेतीसारखं सुटतंय खोलगट बाजूला. नळीत बघताना मामा आणि मी दोघंही वाकून बघत होतो आणि ठिपका गेल्यावर मामा म्हणाले "चष्मा लावून बघा साहेब, आहे अजून", तीनदा केलं.

आता पुढे काय? गोळ्या बंद केल्या आहेत.


वाळवंटातला_पुणेकर

१६० म्हणजे नुसतं सांभाळायला १२ पीपीएम आणि शेवाळ मारायला ६४. तुमचं ५ कुठेच नाही, म्हणून हिरवं. १६० वरून ५० च्या आसपास यायचं तर दोन तृतीयांश पाणी बदलायचं, ४० हजार लिटर. एकदाच काढा. निम्मं-निम्मं दोनदा केलं तर १६० चे ८० आणि मग ४० होतील पण ६० हजार लिटर पाणी जाईल, कारण दुसऱ्या वेळी तुम्ही आधीच भरलेलं चांगलं पाणी पण बाहेर टाकता. इथे माझं तेच होतं दर तीन-चार वर्षांनी, आमच्याकडे सीवायएपेक्षा नळाच्या पाण्यातला क्षार जास्त नडतो, आटतं पाणी आणि क्षार मागे राहतो. तेव्हा सगळं काढून भरतो, तेही उन्हाळा सोडून, नाहीतर प्लास्टर तडकतं.


नेरळचा_बंगला

दादा तुमचं गणित पटलं पण ४० हजार लिटर म्हणजे १० हजारवाले ४ टँकर. एप्रिल-मेमध्ये आमच्या वाडीवर नळाला दिवसाआड पाणी येतं, बायका हंडे घेऊन बोअरवर उभ्या असतात. त्यांच्यासमोरून मी पूल रिकामा करून टँकर आणायचे? मामांच्या घरची माणसं पण त्याच रांगेत आहेत. नाही जमणार मला ते.


अलिबागची_वाडी

हे वाचून बरं वाटलं. मग पावसाची वाट बघा ना, दीड महिना राहिलाय. तुमच्याकडे माथेरानच्या पायथ्याला पाऊस कोसळतो, फुकट आणि एकदम गोडं पाणी. आम्ही पावसातच उतरवला सीवायए.

फक्त एक करू नका, पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. आमच्या शेजारच्या वाडीत फायबरचा पूल होता, मालकांनी जूनच्या शेवटी साफसफाईला म्हणून रिकामा केला, आमच्याकडे समुद्र जवळ, जमिनीत पाणी दोन-तीन फुटावरच, सकाळी उठून बघतात तर पूल एका बाजूने वर आलेला, होडीसारखा. पाइप सगळे तुटले. अजून तसाच वाकडा आहे, आत आळू लावलंय त्यांनी.


खोपोलीचा_पूलवाला

काँक्रीटचा असला तरी तेच, उचलला नाही तरी तळाच्या टाइल्स फुगून सुटतात. नेरळला मुरूम-कातळ असेल तर धोका कमी पण भाताच्या खाचराला लागून असेल तर अलिबागसारखंच समजा.

माझी पद्धत सांगतो. पाऊस नीट लागला, म्हणजे तीन-चार दिवस झोडपला, की पंप वेस्टवर टाकून (म्हणजे पाणी फिल्टरमध्ये न जाता बाहेर जाईल असं) फूटभर पाणी काढायचं. पावसाने भरू द्यायचं. भरलं की पंप सहा-सात तास चालवून ढवळून घ्यायचं, मग परत फूटभर. नुसतं वरून वाहू दिलं तर नवीन पावसाचं पाणीच वरच्या वर वाहून जातं, खालचं तसंच राहतं. फूटभर काढायचं म्हणजे पूलला वजन पण राहतं, तळ उचलत नाही.


वाळवंटातला_पुणेकर

वा, हे मला सुचलं नसतं, आमच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा तुमच्याकडे एका दुपारी पडत असेल. गणित करून बघितलं, साडेचार फूट सरासरीतून एक फूट काढलं की सीवायए दर वेळी बावीस टक्क्यांनी कमी. १६० चे १२४, मग ९७, ७५, ५९, ४६. म्हणजे पाच वेळा, पाच फूट म्हणजे दीड मीटर पाऊस. कर्जत भागात सीझनला ३ हजार मिलिमीटरच्या वर होतो ना? मग जुलै संपेपर्यंत काम व्हायला हरकत नाही.

तोवर दीड महिना हिरवं डबकं ठेवू नका मात्र, डास होतील, डेंग्यूला आमंत्रण. हायपो आणा, पातळवालं (सोडियम हायपोक्लोराइट), १० टक्क्यांचं. यात सीवायए नसतो. तुमच्या पूलला १ पीपीएम वाढवायला ६०० मिली लागतं. ६४ चा आकडा गाठायला ३८ लिटर, जरा येडेपणा वाटेल पण एक ५० लिटरचा कॅन आणला की टँकरपेक्षा स्वस्तच पडेल. आधी पीएच ७.२ पर्यंत सोडा ॲशने (धुण्याच्या सोड्याने) वर आणा, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचचा रंग खोटं बोलतो. मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर हायपो, पंप रात्रंदिवस, भिंती ब्रशने रोज घासायच्या, शिडीच्या मागे आणि लाइटच्या कडेला पण, शेवाळ तिथेच लपतं. दर सकाळ-संध्याकाळ मोजून परत वर आणायचं. हिरवं गेलं की राखाडी गढूळ होईल, घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ.

संपलं कधी समजायचं? रात्री मोजा, सकाळी ऊन यायच्या आधी मोजा, फरक १ च्या आत असेल आणि अडकलेलं अर्ध्याच्या आत, तर संपलं. रात्रीत क्लोरीन पळत असेल तर ऊन नाही, कुणीतरी खातंय.


खोपोलीचा_पूलवाला

दोन गोष्टी. हायपो घेताना कॅन कधी भरलाय विचारा, उन्हात पडलेला महिनाभराचा कॅन १० टक्के म्हणून देतात आणि निघतो ५ टक्के. सावलीत ठेवा, झाकण थोडं श्वास घेणारं असतं ते टाइट ठोकून बसवू नका. आणि हायपोच्या शेजारी ॲसिडचा कॅन कधीही नको, दोन्ही सांडले तर क्लोरीन गॅस. हातमोजे आणि चष्मा मामांना घेऊन द्या, आमची माणसं घालत नाहीत ही वेगळी गोष्ट. फिल्टरचा प्रेशर गेज ८-१० पीएसआय वर चढला की बॅकवॉश. त्या दिवसांत रोज एकदा तरी करावा लागेल.


नेरळचा_बंगला, २ मे

झालं! पण घाम काढला. ५० लिटरचा एक कॅन पुरला नाही, दुसऱ्यातलं पण अर्धं गेलं. पहिल्याच रात्री लाइट गेली साडेचार तास, पंप बंद, सकाळी क्लोरीन निम्म्यावर. चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरट, सातव्या दिवशी सकाळी जाळी दिसली आणि मामांनी मला फोटो पाठवला, जाळीचा. मी तो बायकोला दाखवला तर म्हणाली हे काय आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

रात्रीत ०.५ पडलं, अडकलेलं ०.५. आता रोज संध्याकाळी दीड-दोन लिटर हायपो. मोकळं १२-१३ वर ठेवतोय, पोरांना बंदी पाऊस पडेपर्यंत.


डोंबिवलीचा_बाळ्या

आमच्या सोसायटीचं पाणी मोजलं हो मी पण, लाज वाटते सांगायला. सीवायए ११०, तांबं वेगळंच. सेक्रेटरीला हा धागा वाचायला दिलाय.


नेरळचा_बंगला, २८ जुलै

वर आणतोय हा विषय. चार वेळा फूटभर काढलं. काल ठिपका ६० ला गेला, यावेळी अर्धं-अर्धं न करता. कागदावर ५९ यायला हवे होते, मामा म्हणतात त्या अमेरिकेच्या साहेबांना सांगा एकाने चुकलात. जूनमध्ये जमिनीची भीती होती म्हणून खड्डा खणून बघितला, चार फुटाला कातळ लागला, पाणी नाही.

नवीन भानगड अशी की पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवते ती) ४० वर आली आणि पीएच रोज इकडे-तिकडे उड्या मारतोय.


वाळवंटातला_पुणेकर

पावसाच्या पाण्यात काही नसतंच, ते डिस्टिल्डसारखं. खायचा सोडा टाका, तुमच्या पूलला १ किलोला १० पॉइंट (म्हणजे पीपीएम). ४० वरून ८० ला न्यायला ४ किलो, पण पाऊस चालू आहे आणि अजून एक फूट काढायचा आहे तोवर दोनच टाका, बाकीचा सप्टेंबरात. आणि वाचताना लक्षात ठेवा, अल्कलिनिटीच्या टेस्टमध्ये सीवायए पण मोजला जातो, त्याचा साधारण तिसरा हिस्सा वजा करायचा. म्हणजे तुमचे ४० मधले खरे २० च आहेत, म्हणून उड्या मारतोय.


नेरळचा_बंगला

नेरळच्या किराणावाल्याकडे ४ किलो खायचा सोडा मागितला, एकदमच घेऊन ठेवला. तो म्हणाला बेकरी काढली का शेठ.

शेवटचा प्रश्न, ती स्टॅबिलायझरची ५ किलोची पिशवी अजून आहे. केमिकलवाला परत घेत नाही.


वाळवंटातला_पुणेकर

ठेवा, कोरडी राहिली तर खराब होत नाही. आता तुम्ही हायपोवर आहात म्हणजे सीवायए फक्त कमीच होत जाणार, बॅकवॉशमध्ये थोडा, पावसात जास्त. मोजून ३० च्या खाली गेला की १० पॉइंटला ६०० ग्रॅम, जुन्या मोज्यात भरून पाणी येतं त्या तोंडासमोर लटकवायचा आणि रोज हाताने थोडा दाबायचा. नुसता फेकू नका, तळाला बसतो, विरघळायला आठवडा घेतो. टाकल्यावर चार-पाच दिवसांनीच परत मोजा, नाहीतर वाढला नाही म्हणून अजून टाकाल.


अलिबागची_वाडी

या पावसात माझा २० वर गेलाय, मला दोन किलो द्या त्यातला, दिवाळीनंतर लागेलच. कर्जतला माहेर आहे, गणपतीला येणार आहे तेव्हा घेऊन जाईन. मोजे मी माझे आणते.